प्रार्थना आणि उघडे दार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी प्रार्थनेविषयी चार शब्द बोलावे, अशी मंडळाने मला आज्ञा केली. प्रार्थना कशी करावी हे मी तुम्हांला काय सांगणार? येथे बसलेल्या कित्येक आयांनी गुडघे टेकूनच मुले वाढविली, आजार काढले, कठीण दिवस पार पाडले. म्हणून मी एवढेच विचारते: ‘आमेन’ म्हणून आपण उठतो, त्यानंतर काय होते?

प्रेषितांच्या कृत्यांच्या 12व्या अध्यायात एक मौजेची पण मनाला टोचणारी हकिगत आहे. हेरोद राजाने पेत्राला तुरुंगात टाकले होते. इकडे योहान मार्काची आई मरीया हिच्या घरी पुष्कळ माणसे जमून प्रार्थना करीत होती. देवाने ती ऐकली. पेत्राच्या साखळ्या गळून पडल्या, नगराचा लोखंडी दरवाजा आपोआप उघडला, आणि तो मरीयेच्या दाराशी येऊन ठोठावू लागला. रुदा नावाची मुलगी पाहायला गेली. आवाज ओळखून तिला इतका आनंद झाला की दार न उघडताच ती आत धावली. आतली मंडळी तिलाच म्हणाली, तू वेडी आहेस! ज्याच्यासाठी रात्रभर प्रार्थना चालली होती, तो बाहेर ठोठावीत उभा. लोखंडी दरवाजा उघडला. प्रार्थना करणाऱ्यांच्या घराचे दार मात्र बंद!

आता 16व्या अध्यायातील लुदिया पाहा. फिलिप्पै नगराबाहेर नदीकाठी शब्बाथ दिवशी काही स्त्रिया प्रार्थनेला जमत. आपल्यासारखेच ते एक मंडळ म्हणा ना! त्यांत ही जांभळी वस्त्रे विकणारी, देवाला भजणारी बाई होती. पौलाचे बोलणे ऐकताना प्रभूने तिचे अंतःकरण उघडले. बाप्तिस्मा होताच तिने पौलाला व त्याच्या सोबत्यांना आग्रहाने आपल्या घरी नेले. पुढे पौल व सीला यांना फटके बसले, तुरुंग घडला. सुटल्यावर ते सरळ लुदियेच्या घरी आले. गावभर बोभाटा झालेल्या माणसांना घरात घेणे सोपे नव्हते. पण तिचे दार उघडे होते.

तुम्ही म्हणाल, ह्या झाल्या पवित्र शास्त्रातील गोष्टी. तर आपल्या महाराष्ट्रातील एका बाईंकडे पाहू. लक्ष्मीबाई टिळक 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी जन्मल्या. माहेरी सोवळ्याओवळ्याचा कडक कारभार. शाळेचे शिक्षण असे नाहीच. 1895 साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही चूल आणि सोवळे त्यांनी सोडले नाही. मग त्यांचा त्यांनीच विचार केला: जातिभेद देवाने केला की माणसाने? माणसाने केला, हे मनाला पटले, तेव्हा कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे टिळकांच्या घरी पोरकी मुले वाढली, परक्या माणसांनी पाट घेतले. याच बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, आणि टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले.

भगिनींनो, बाईच्या घरातले सर्वांत घट्ट दार स्वयंपाकघराचे असते. ते उघडले, तेव्हा लक्ष्मीबाईंचा विश्वास शेजाऱ्यांनाही दिसला.

आता आपल्याकडे वळू. आपल्या सभा होतात, गीते गातो, आजाऱ्यांची नावे घेतो. हे सर्व चांगलेच आहे. पण शब्दाला शब्द लागून सभेला येणे सोडलेल्या बहिणीकडे आपल्यापैकी किती जणी गेल्या? नव्याने राहावयास आलेल्या परधर्मी शेजारणीला चहाला कोणी बोलाविले? घरची सूनबाई कोपऱ्यात डोळे पुसते, तिच्यासाठी आपण प्रार्थना करतो. तिच्याजवळ बसून तिचे ऐकतो का? कदाचित आपल्या प्रार्थनेचे उत्तर दाराशीच उभे असेल, आणि आपण आत बसून आणखी एक गीत गात असू.

म्हणून नव्या वर्षासाठी एक लहानसे काम सुचविते. प्रत्येकीने एक नाव मनात घ्यावे. आपल्याला जड जाणारे नाव घेतले तर अधिक बरे. आठवडाभर रोज त्या व्यक्तीसाठी प्रार्थना करावी, आणि आठवडा संपण्यापूर्वी तिच्या घरी जावे. उपदेश करू नये. तिचे ऐकावे, जमल्यास हातभार लावावा, आणि तिलाही आपल्या घरी येण्यास सांगावे. तिचे मन पालटेल की नाही हे प्रभूच्या हाती आहे. उंबरा ओलांडून तिच्याकडे जाणे आपल्या हाती आहे.

लुदिया व्यापार करणारी बाई होती, रुदा घरची पोर, लक्ष्मीबाई संसारी गृहिणी. आपणही तशाच साध्या बायका आहोत. प्रभूने आपली अंतःकरणे उघडावी, आणि पुढच्या वर्धापनदिनी आज रिकाम्या दिसणाऱ्या जागा भरलेल्या असाव्या, हीच माझी प्रार्थना. प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.