ओटी भरणाऱ्या हातांचे आभार
गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा, आणि झाकलेल्या वाटीतून पेढा निघतो की बर्फी, याची उत्सुकता! मावळातल्या कामशेतसारख्या भाताच्या मुलखात ओटीचे तांदूळ अनेकदा घरच्या शेतातले असतात. इथला लाडका इंद्रायणी तांदूळ १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातूनच आला.

आता आभारांचं. कोणी काय दिलं, ते त्याच संध्याकाळी लिहून ठेवा. आठवडाभरात फोन करा आणि वस्तूचं नाव घ्या: “मावशी, तुम्ही शिवलेलं दुपटं किती मऊ आहे!” खाऊचा डबा रिकामा परत पाठवू नका, चिमूटभर साखर तरी घाला. बारशाचं बोलावणं आवर्जून करा. आणि जिनं नुसते मूठभर तांदूळ ओटीत घातले, तिचे आभारही तितक्याच आपुलकीनं माना.