पिल्लाचे पाय आणि पिल्लाचे तोंड

कुत्र्याचे पिल्लू घरी आले की मंडळींचे लक्ष प्रथम त्याच्या नावाकडे जाते, मग गळपट्ट्याकडे आणि त्यानंतर दुधाच्या वाटीकडे. वस्तुतः पहिल्या सहा महिन्यांत पिल्लाचे बरेवाईट ज्यांवरून ठरते त्या गोष्टी दोनच: त्याचे पाय किती व कुठे चालले आणि त्याच्या तोंडात काय गेले. कोवळ्या वयात दगावणाऱ्या पिल्लांपैकी पुष्कळांचा घात या दोहोंपैकी एका बाबतीतल्या दुर्लक्षाने होतो. हे दुर्लक्ष निष्ठुरपणाचे नसते. बहुधा ते लाडाचेच असते.

बऱ्हाणपुरासारख्या गावात हा विचार अधिक निकडीचा ठरतो. तापीच्या काठचे हे जुने, तटबंदीचे शहर. पेठा दाट, गल्ल्या अरुंद, ठिकठिकाणी यंत्रमागांचा खडखडाट. उन्हाळ्यात पारा बेचाळीस अंशांच्या वर सहज जातो. ज्या फरशीवरून माणूस चपला घालून निर्धास्त जातो, तिच्यावरून पिल्लाला अनवाणी चालावे लागते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे जीभ बाहेर काढून धापणे. हवाच तापलेली असली की ते साधन दुबळे पडते. म्हणून चैत्र-वैशाखात पिल्लाला बाहेर न्यावयाचे ते उजाडता उजाडता किंवा दिवेलागण होऊन जमीन निवल्यावर. तळहाताची मागची बाजू जमिनीला टेकवून शांतपणे सात अंक मोजावेत. तेवढा वेळ हात ठेववला नाही, तर ती जमीन पिल्लाच्या पायांसाठी नाही असे समजावे.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे उष्णतामान माणसापेक्षा थोडे अधिक, सुमारे अडतीस ते एकोणचाळीस अंश सेल्सिअस असते. ते एकेचाळीसच्या घरात गेले की जिवावरचा प्रसंग उभा राहतो. पिल्लू अतोनात धापू लागले, लाळ दाट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, पाय लटपटू लागले, तर त्याला ताबडतोब सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि तसेच दवाखान्याकडे न्यावे. ओले जाड फडके अंगाभोवती गुंडाळून ठेवू नये. त्याने उष्णता आत कोंडते.

आता व्यायाम किती द्यावा, हा प्रश्न. पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक मऊ थर असतो आणि हाड लांबते ते त्या थरातून. लहान चणीच्या कुत्र्यांत वर्षाच्या आतबाहेर, तर लॅब्रॅडॉर, अल्सेशियन यांसारख्या मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत तो पुरता टणक होत नाही. त्यावर वारंवार आघात झाला तर सांधे आयुष्यभरासाठी बिघडू शकतात. सायकलमागे पिल्लू पळवणे, त्याच्याकडून उंच उड्या मारून घेणे, तासभर चेंडू फेकत राहणे, ही सारी कौतुके त्या कोवळ्या हाडांच्या जिवावर चालतात. वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटे, म्हणजे चार महिन्यांच्या पिल्लाला वीस मिनिटांचे चालणे, असा एक ठोकताळा कुत्री पाळणाऱ्यांत रूढ आहे. तो शास्त्रीय सिद्धांत नसून केवळ सोयीचा आडाखा आहे. तथापि उत्साही मालकाला आवर घालण्यापुरता तो उपयोगी पडतो.

नॉर्वेमध्ये मोठ्या जातींच्या पिल्लांचा एक दीर्घकाळ अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत खुब्याचा विकार अधिक आढळला; उलट मऊ, किंचित चढउताराच्या जमिनीवर मोकळेपणी बागडलेल्या पिल्लांत तो कमी दिसला. यातील बोध जुन्या पेठांतील दुमजली-तिमजली घरांना तंतोतंत लागू पडतो. त्या घरांचे जिने उभे आणि पायऱ्या उंच असतात. जिन्याच्या तोंडाशी फळी आडवी लावावी आणि पिल्लाला उचलूनच वरखाली न्यावे. राजघाटाच्या पायऱ्यांवरही तोच नियम पाळावा. गवताळ मोकळी जागा किंवा शेताच्या बांधालगतची भुसभुशीत जमीन मिळाली, तर पिल्लाला तेथे आपल्या चालीने हुंदडू द्यावे. ते बसले की बसू द्यावे. दोरी ओढून उठवू नये. लहान पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तासही झोपते. ती झोप आळसाची नसून वाढीची असते.

तथापि पहिली फेरी नेमकी केव्हा काढावी? येथे दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लाचे मन जगाला सर्वाधिक मोकळे असते. या काळात माणसे, मुले, वाहनांचे व यंत्रांचे आवाज ओळखीचे झाले नाहीत, तर पुढे ते भित्रे आणि म्हणून चावरे होण्याचा संभव असतो. नेमक्या याच काळात त्याची लसींची मालिका अपुरी असते. ती सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होऊन साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. पार्व्हो नावाचा विषाणू १९७८ साली प्रथम ओळखला गेला आणि पाहता पाहता जगभर पसरला. रोगी कुत्र्याच्या विष्ठेतून तो मातीत उतरतो आणि तेथे महिनोन्‌महिने टिकतो. रक्ताचे जुलाब आणि वांत्या यांनी पिल्लाला तो दोन-तीन दिवसांत संपवू शकतो. यावर उपाय साधा आहे. लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला कडेवर घेऊन बाजार दाखवावा, मागाचा आवाज ऐकवावा, शेजारच्या मुलांचा हात त्याच्या अंगावरून फिरू द्यावा. परंतु भटकी कुत्री वावरतात त्या जमिनीवर त्याचे पाय टेकू देऊ नयेत.

पायांविषयी इतके सांगितल्यावर तोंडाकडे वळावे लागते, आणि खरी कसोटी तेथेच आहे. रस्त्यावर दिसेल ते उचलण्याची पिल्लाची खोड पाहून मालक संतापतो. कुत्रा माणसाच्या वस्तीजवळ आला तोच मुळी वस्तीच्या उकिरड्यावरील अन्नामुळे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते खरे असेल तर ही खोड कुत्र्याच्या जातीइतकी जुनी म्हणावी लागेल. त्यात पिल्लाला हात नाहीत. वस्तू कशी आहे हे पाहावयाचे तर ते तोंडानेच पाहणार. शिवाय तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत त्याचे अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस कायमचे दात येतात आणि हिरड्या सतत शिवशिवत असतात. म्हणून खोड समूळ उपटण्याची हाव धरू नये. तिला वळण लावता येते आणि तेवढे पुरे होते.

बऱ्हाणपूरच्या गल्लीत पिल्लाच्या तोंडी काय काय पडू शकते, याची यादी मालकाने मनाशी करून ठेवावी. पहिले सूत. मागांच्या परिसरात सुताचे गुंते आणि चिंध्या पडलेल्या असतात. गिळलेल्या लांब धाग्याचे एक टोक कुठेतरी अडकते आणि उरलेला धागा आतड्यांना चुण्या पाडीत कापीत जातो. धाग्याचे टोक तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसले, तर ते कदापि ओढू नये. त्यानंतर मक्याची बुरकुंडे आणि आंब्याच्या कोयी. ही पोटात विरघळत नाहीत, आतड्यात बुचासारखी बसतात, आणि बहुधा शस्त्रक्रियेवाचून निघत नाहीत. शिजलेल्या कोंबडीची हाडे फुटून अणकुचीदार होतात. माव्याच्या जिलेबीच्या पाकाने भिजलेला कागद किंवा प्लॅस्टिकची पिशवी पिल्लू पाकासकट गिळते. शेताकडे गेल्यास एरंडीच्या पेंडीचे खत आणि कीटकनाशकांची रिकामी पुडकी, घराच्या कोपऱ्यात उंदरांसाठी ठेवलेल्या गोळ्या, तर घरातल्याच डब्यांतील मनुका, कांदा आणि चॉकलेट हीही कुत्र्याला बाधतात. खाटकाकडील कच्चे अवशेष खाल्ल्याने कुत्र्याच्या पोटात एक लहानसा पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात व फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. म्हणजे पिल्लाच्या तोंडाची काळजी ही घरातील मुलांचीही काळजी आहे.

पाण्याचे तेच. सुमारे १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत, ज्या शहराने कुंडी भंडाऱ्याची भूमिगत योजना उभारून निर्मळ पाणी खेळवले, तेथे पाळलेल्या जनावराने गटारीचे पाणी प्यावे हे शोभत नाही. उंदरांच्या मुतापासून साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. फेरीला निघताना पाण्याची लहान बाटली बरोबर असावी.

वळण लावावे कसे? संत नामदेवांची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्या कथेतील भक्तिभाव थोरच. पण पिल्लू पाळणाऱ्यालाही तीत एक व्यवहार सापडतो. रिकाम्या हाताने पाठलाग केला की पिल्लाला तो खेळ वाटतो. जबडा बळाने उघडून वस्तू हिसकावली की पुढच्या वेळी ते चटकन गिळून टाकते. हातात त्या वस्तूहून सरस काही असले, तर ते आपण होऊन तोंड उघडते. शिक्षणाचा पाया हा अदलाबदलीचा आहे.

आरंभ घरात करावा. मुठीत भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा धरावा. पिल्लू मूठ हुंगेल, चाटेल, ओरबाडेल. हात हलवू नये, बोलू नये. ज्या क्षणी ते तोंड मागे घेईल त्या क्षणी शाबासकी देऊन दुसऱ्या हातातील तुकडा द्यावा. हे अंगवळणी पडले की त्याला “सोड” हा एकच शब्द जोडावा. घरातल्या प्रत्येकाने हाच शब्द वापरावा. आजोबांनी एक आणि नातवाने दुसरा शब्द योजला तर पिल्लू गोंधळते. पुढे तुकडा जमिनीवर ठेवून, मग अंगणात आणि शेवटी दोरी लावून गल्लीत, असा क्रम ठेवावा. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी चार-पाच मिनिटेच. फेरीला निघण्यापूर्वी त्याला थोडे खाऊ घालावे. भुकेले पिल्लू उपदेश ऐकत नाही. दोरी आखूड व सैल धरावी आणि आपली नजर पिल्लाच्या दहा पावले पुढे असावी. तरीही खोड आवरत नसेल, तर ज्यातून धापता व पाणी पिता येते असे जाळीचे मुसके काही काळ वापरण्यात क्रौर्य नाही.

इतके करूनही काही गिळले गेलेच, तर काय गिळले व केव्हा, हे लक्षात ठेवून उरलेला तुकडा किंवा वेष्टन घेऊन पशुवैद्याकडे धावावे. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय कधीही करू नये. त्या मिठानेच पिल्लू मरू शकते. पुनःपुन्हा वांती, अन्नावरील वासना उडणे, पाठीची कमान करून बसणे, कुंथूनही शौचास न होणे, ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये.

एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रेबीजची लस पिल्लाला तिसऱ्या महिन्यानंतर टोचावी आणि पुढे वैद्य सांगेल त्याप्रमाणे तिची पुनरावृत्ती चुकवू नये. लुई पाश्चरने १८८५ साली या रोगावरील लस माणसाला प्रथम दिली. परंतु रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर तो आजही जवळजवळ निश्चितपणे प्राण घेतो. फेरीत एखादे भटके कुत्रे माणसाला चावले किंवा पिल्लाचा दात मुलाला लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ इस्पितळ गाठावे. हळद, तिखट किंवा चुना भरून घरी बसू नये.

पिल्लाला नकार समजावयास चार-सहा आठवडे लागतात, हाडे भरावयास वर्ष-दीड वर्ष. त्या मानाने कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. आरंभीच्या या थोड्या दिवसांत ज्याने सकाळची अर्धी घटका आणि खिशातला भाकरीचा तुकडा खर्ची घातला, त्याच्या दारात पुढे वर्षानुवर्षे एक शहाणे, निरोगी आणि इमानी जनावर बसलेले दिसते. मुक्या जिवाला घरात आणणे सोपे असते. आणल्यावर त्याच्या पायांचा वेग आणि तोंडाची हाव यांचा भार आपल्या शिरावर घ्यावा लागतो. पाळणे या शब्दाचा अर्थ एवढाच.