हरलेल्याला आधी फोन

आजचा भाग थोडा खेळाचा आणि थोडा घरचा आहे.

मी शिकायला अमेरिकेत आलो २००५ साली, अ‍ॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात. माझा मावसभाऊ, आमचा दादा, आधीपासून कोलंबसला होता, ओहायो स्टेटमध्ये. गाडीने तीन तासांचं अंतर. मला वाटलं, चला, घरचं माणूस जवळ आहे. मग कळलं की आपण शत्रूच्या गोटात नातेवाईक घेऊन आलोय!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, हेल्मेटं, धडकाधडकी, तो. मिशिगन आणि ओहायो स्टेट पहिल्यांदा भिडले १८९७ मध्ये. मोसमाचा शेवटचा सामना, नोव्हेंबरच्या अखेरीस. त्या आठवड्यात कोलंबसच्या कॅम्पसवर पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल पट्टीची फुली मारतात. आता बोला!

माझी पहिली मोठी आठवण १८ नोव्हेंबर २००६ ची. दोन्ही संघ अपराजित, ओहायो स्टेट देशात पहिला, मिशिगन दुसरा. सामना कोलंबसला होता, म्हणून मी दादाच्या घरी टीव्हीसमोर. आदल्याच दिवशी मिशिगनचे जुने प्रशिक्षक बो शेम्बेक्लर गेले होते. हा माणूस मूळचा ओहायोचा, वुडी हेज यांच्या हाताखाली ओहायो स्टेटमध्येच काम केलेला. पुढे १९६९ ते १९७८, दहा वर्षं, तो मिशिगनकडून त्याच गुरूविरुद्ध लढला. त्या दिवशी सामन्याआधी ओहायोच्या स्टेडियममध्ये त्यांच्यासाठी शांतता पाळली गेली. प्रतिस्पर्ध्याच्या घरी! मी दादाकडे पाहिलं, तर तोही उभा होता.

मग आम्ही ४२-३९ असे हरलो, तो भाग वेगळा.

तेवढ्यात फोन वाजला. सांगलीहून काका, म्हणजे दादाचे बाबा. तिकडे रविवारची पहाट. काकांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "हरलं कोण? त्याला फोन दे." माझ्याशी पाच मिनिटं बोलले. जेवलास का, थंडी किती आहे, असलंच काहीतरी. पोटच्या पोराचं अभिनंदन केलं ते नंतर.

मग ती पद्धतच पडली. हरलेल्याला आधी फोन. २०१२ ते २०१९ ओहायो सलग आठ वेळा जिंकलं, म्हणजे आठही वर्षं पहिला फोन मला. दादा चिडायचा, "बाबा, मी जिंकलोय!" काका म्हणायचे, "मग तुला माझी काय गरज?"

२०२० मध्ये कोविडमुळे सामनाच रद्द झाला. १९१८ पासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. आणि त्याच आठवड्यात काका गेले. दादाला जाता आलं नाही. अंत्यसंस्कार त्याने मोबाईलवर पाहिले. शनिवारी, सामना असता त्या वेळेला, त्याचा फोन आला. म्हणाला, "आज भांडायला पण काही नाही रे." मग आम्ही दोघं बराच वेळ फोन कानाला लावून गप्प बसलो. इतक्या वर्षांत कुठल्याही पराभवाने मला एवढं रिकामं केलं नव्हतं.

२०२१ ला दादा स्वतः गाडी चालवत अ‍ॅन आर्बरला आला. आम्ही दोघं स्टेडियममध्ये, वरून बर्फ पडतोय. हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन केले आणि आम्ही ४२-२७ जिंकलो. २०११ नंतरचा पहिला विजय! पोरं मैदानात धावली. मीही ओरडून ओरडून घसा बसवला. मग लक्षात आलं, दादा शेजारी खाली मान घालून बसलाय. आणि ते सामन्यामुळे नव्हतं, हे मला कळत होतं.

संध्याकाळी साडेसातला त्याचा फोन वाजला. मावशी. स्पीकरवर होती. म्हणाली, "हरलास ना? हे असते तर आधी तुलाच फोन केला असता. जेवलास का?"

त्यानंतर आम्ही आणखी तीन वर्षं जिंकलो. २०२५ ला मात्र घरच्या मैदानावर २७-९ असा मार खाल्ला. साडेसातला माझा फोन वाजला.

तुमचं असं कोणी असेल, समोरच्या संघातलं, तर आज त्याला एक फोन करा. भेटू पुढच्या भागात.