आकडा खरा असावा
(शाळेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला भाषेचा शिक्षक. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण एकदा विज्ञान प्रदर्शनाचे काम माझ्याकडे आले आणि त्यातून मीच काही शिकलो. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

मुलांनी शाळेमागे हिरव्या जाळीचे लहानसे शेडनेट उभारले. आत हरभऱ्याच्या दहा कुंड्या, बाहेर दहा. रोज दुपारी तापमान लिहायचे. पहिल्याच आठवड्यात भांडण झाले. बाहेरच्या कुंड्यांचा एकाचा आकडा २९, दुसऱ्याचा ३६. मी दुसऱ्याला रागावलो. चौकशी केली तेव्हा कळले, एकाने तापमापक सावलीत टांगला होता, दुसऱ्याने उन्हात. उन्हातला तापमापक स्वतःच तापतो. तो हवेचे खरे तापमान सांगत नाही. म्हणूनच वेधशाळेत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवतात. चूक मुलाची नव्हती. कोठे व कसे मोजायचे हे मीच सांगितले नव्हते.

हरितगृहात ही काळजी अधिक घ्यावी लागते. पंखा आणि ओल्या पडद्याने थंड केलेल्या घरात पडद्याजवळ गारवा असतो, तर पंख्याकडे हवा तापलेली असते. म्हणून एका जागेचा आकडा साऱ्या घराचा नव्हे. उजेडाचेही तसेच. साधा लक्समापक माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतो. वनस्पती प्रामुख्याने ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश अन्न तयार करण्यासाठी वापरते. तो पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर मोजावा लागतो. शिवाय आर्द्रता, कार्बन डायऑक्साइड, पाण्याचा सामू आणि क्षार. २०१५ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी हरितगृहातील प्रयोगांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. काय मोजले, कोणत्या उपकरणाने, कोठे आणि किती वेळा, हे सारे अहवालात लिहावे, हे त्यांचे सार.

आपल्याला याचे काय, असे कोणी विचारील. पुण्यात १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली शेतीच्या हवामानाचा अभ्यास सुरू झाला. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे. त्याच विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने एनएचएच ४४ हा संकरित वाण दिला. लातूरला गळीत धान्यांचे संशोधन केंद्र आहे. या प्रयोगांच्या वह्यांतले आकडे पुढे आपल्याच शेतात उतरतात. आज आपल्यापैकी कोणी कर्ज काढून शेडनेट उभारतो. अमक्या ठिकाणी ढोबळी मिरची इतकी आली, एवढेच ऐकून तो पैसा घालतो. तेथे उजेड किती, दुपारचा पारा किती, पाणी कसले, हे जर कोणी लिहिलेच नाही, तर त्या आकड्यावर भरवसा कसा ठेवावा? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, हे विसरून चालणार नाही.

आता माझी खरी चूक सांगतो. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वहीत चार तारखा कोऱ्या दिसल्या. मी म्हणालो, "मागचे-पुढचे पाहून भरून टाका, वही नीटनेटकी दिसू दे." सातवीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, त्या दिवशी शाळा बंद होती. आम्ही मोजलंच नाही."

मी गप्प झालो. ज्या मुलांना खोटे बोलू नका असे रोज सांगतो, त्यांना मी खोटा आकडा लिहायला सांगत होतो! शेवटी त्या चार जागा तशाच ठेवल्या आणि शेजारी लिहिले, "सुट्टी, नोंद नाही." बक्षीस मिळाले नाही. पण ती वही मी जपून ठेवली आहे.

पालकहो, घरी मुलाने "मला माहीत नाही" असे सांगितले तर त्याला रागावू नका. विद्यार्थी मित्रांनो, जे मोजले तेच लिहा. कसे मोजले तेही लिहा. जे मोजले नाही, ती जागा कोरी ठेवण्याचे धैर्य ठेवा.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय हिंद.