दुकानाआधी शेत

वाराणसीत सेंद्रिय किराण्याची साखळी उभारू पाहणाऱ्याने आरंभी दुकानांच्या जागा शोधू नयेत. बनारसी लंगडा आंबा आणि आदमचिनी तांदूळ यांना २०२३ साली भौगोलिक मानांकन लाभले. परंतु त्यायोगे माल सेंद्रिय ठरत नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकासाठी पेरणीपूर्वी दोन वर्षे, तर फळबागेसाठी पहिल्या सेंद्रिय तोडणीपूर्वी तीन वर्षे रूपांतरणात घालवावी लागतात. या काळात पीक बहुधा घटते, भाव मात्र नेहमीचाच मिळतो. ही तूट एकट्या शेतकऱ्याने का सोसावी? साखळीचे भांडवल खरे येथे गुंतले पाहिजे. तिने रूपांतरणातील धान्य चढ्या दराने घ्यावे आणि ग्राहकाला ते तसे सांगूनच विकावे. गोदौलिया चौकातील दुकानाचे भाडे तिसऱ्या वर्षी सुरू झाले तरी चालेल.