वर्गशिक्षक आणि बालकांचे हालते-खेळते शिक्षण



सहा-सात वर्षांचे मूल वर्गात थोडी चुळबूळ करू लागले की त्याची गणना खोडकरांत होते आणि शिक्षा म्हणून अनेकदा खेळाचा तासच काढून घेतला जातो. ज्या बालकाला हालचालीची सर्वाधिक गरज, त्याच्याच वाट्याची हालचाल अशी हिरावली जाते. परीक्षा जवळ आली की तोच तास गणिताला दिला जातो आणि पालकही समाधान मानतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल करावी. ती घडवून आणणार कोण? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षकाची तरतूद आहे. परंतु ती सहावी ते आठवीच्या, शंभरांहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळांसाठी. पहिली ते पाचवीचे मूल वर्गशिक्षकाच्याच स्वाधीन असते.

वर्गशिक्षकाला त्यासाठी मोठा खर्च नको, खडू पुरे. व्हरांड्यात ० ते २० अंकांची रेषा आखावी. सातावर उभे राहून पाच घरे पुढे उडी मारली की बेरीज झाली. मागे आली की वजाबाकी. पाढे टाळ्यांच्या व उड्यांच्या तालावर म्हणावेत. भूगोलात सूर्य पाहून पूर्व ठरवावी आणि ‘उत्तरेस तीन पावले’ चालावे. मराठीच्या तासाला वाकणे, ताणणे, डोलणे ही क्रियापदे अंगाने करून दाखवावीत. विज्ञानात धावण्यापूर्वी व नंतर नाडीचे ठोके मोजून नोंदवावेत.

पथ्येही आहेत. ‘बाद’ करणारे खेळ टाळावेत. त्यांत दुबळे मूल सर्वांत आधी बाहेर बसते. अपंग बालकाला झेपेल असा बदल करून त्यासही सामील करावे. आणि वर्गातील दहा मिनिटे हा मैदानाचा पर्याय नव्हे, तो पूरक आहार होय.

हा विचार परका नाही. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी १९२० पासून खेळ आणि कृतीतून शिक्षणाचा प्रयोग केला. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातील शिक्षक चौथीचा वर्ग वर्षभर गोष्टी व खेळांनी फुलवतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य उभारले.

मूल घरी आले म्हणजे ‘आज किती लिहिले?’ असे प्रत्येक पालक विचारतोच. त्यासोबत ‘आज किती खेळलास?’ असेही विचारावे. हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला, तर खेळाचा तास काढून घेण्यास कोणताही शिक्षक सहजासहजी धजावणार नाही.