तारेचा नाद आणि घरातील वस्तू

(महोत्सवानिमित्त भरलेल्या गायनवृंदाच्या मेळाव्यात प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या निमित्ताने आम्ही चार शब्द बोलावेत अशी आपण इच्छा दर्शविली. उपदेशपर भाषणे ह्या आठवड्यात पुष्कळ झाली, व आणखीही होतील. यास्तव आज आम्ही एका लहानशा, परंतु घरोघरी अनुभवास येणाऱ्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. गिटार वाजू लागली म्हणजे फळीवरील पेले, तसबिरीची काच व खाटेची दांडी ही का थरथरतात, हा तो विषय होय. तो क्षुल्लक दिसतो खरा. तथापि त्यापायी घरात कलह माजलेला आम्ही पाहिला आहे, आणि वाद्य तर आता आपल्या अनेक घरांत आले आहे.

प्रथम तारेचा विचार करू. नुसती ताणलेली तार जवळजवळ मुकी असते. ती इतकी बारीक की हवेतून सरकून जाते. हवेस ढकलण्याचे बळ तिच्या अंगी नाही. तिचा कंप घोडीवाटे खालच्या पातळ फळीस मिळतो, आणि ती फळी व पोटातील हवा मिळून आपणांस ऐकू येणारा नाद उत्पन्न करतात. गिटारीच्या सहा मोकळ्या तारा खर्जापासून क्रमाने सेकंदास सुमारे ८२, ११०, १४७, १९६, २४७ व ३३० वेळा कंप पावतात. हा कंप फळीपाशीच थांबत नाही. वाद्य ज्यावर टेकले असेल त्यात तो शिरतो.

शाळेच्या प्रयोगशाळेतील नादकाटा आपण पाहिला असेल. तो आघात करून हातात धरला तर जेमतेम कानाशी ऐकू येतो. त्याचे देठ मेजावर टेकवले की सारी खोली ऐकते. हा वाढीव आवाज आला कोठून? मेजाने आपल्या पदरचे काहीच दिले नाही. त्याने काट्याचे धन लवकर खर्च केले, इतकेच. म्हणून मेजावर टेकलेला काटा हातातल्या काट्याहून लवकर मुका होतो.

आता दुसरा नियम. प्रत्येक वस्तूस तिचे स्वतःचे असे कंप असतात, आणि बाहेरून तोच कंप आला तर ती जोराने साद देते. गॅलिलिओ ह्या पंडिताने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ह्यास देवळातील घंटेचा दृष्टान्त दिला आहे. एकटा मनुष्य योग्य क्षणी थोडथोडा ओढा देत गेला तर प्रचंड घंटाही झुलू लागते, आणि मग ती थांबवू पाहणाऱ्या चारसहा माणसांस ती दोरासकट वर उचलते. आपल्यापैकी ज्यांनी घंटेचा दोर हाती धरला आहे त्यांस हे वेगळे सांगावयास नको. बळापेक्षा वेळ साधणे हेच येथे मुख्य.

ह्या मेजावर आम्ही एका सुरात लावलेल्या दोन गिटारी ठेवल्या आहेत. एकीच्या चौथ्या व पाचव्या तारेवर कागदाच्या बारीक घड्या बसविल्या आहेत. दुसरीची पाचवी तार छेडताच पहिलीच्या पाचव्या तारेवरील कागद उडून पडला, आणि शेजारच्या तारेवरील मात्र बसून राहिला, हे आपण आताच पाहिले. ह्याच नियमावर सतारीच्या तरफांच्या तारा बसविलेल्या असतात. वाजविणारा त्यांस क्वचितच स्पर्श करतो. वरच्या तारेचा स्वर जुळला की त्या आपोआप बोलतात. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या पंढरपूरकडील भोपळ्यांतून ही वाद्ये घडवीत आले आहेत, आणि त्यांच्या सतार व तानपुऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

परंतु घरात जी झणझण ऐकू येते ती ह्याहून थोडी निराळी. तीत एक वस्तू थरथरते व शेजारच्या सैल वस्तूवर वारंवार आपटते. पेला पेल्यास, काच चौकटीस, झाकण डब्यास. गंमत अशी की तानपुऱ्याची जवारीही ह्याच जातीची आहे. तेथे तार रुंद, किंचित गोलाकार घोडीस हलकेच घासून जाते व त्यातून अनेक वरचे स्वर उमटतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली ह्याचा शास्त्रीय विचार मांडला. म्हणजे तीच झणझण जागेवर असली तर शोभा, आणि भलत्या जागी झाली तर उपद्रव.

आता आम्ही म्हटलेल्या कलहाकडे येतो. आपल्याच धर्मग्रामातील एका घरी मुलाने पैसे साठवून गिटार घेतली. काही दिवसांतच वडील म्हणू लागले, "वाद्यात खोट आहे, विकून टाक." मुलगा म्हणे, "दुसऱ्याच्या घरी तर हीच गिटार नीट वाजते." तिकडे खाटेवर निजलेल्या आजीबाईंची तक्रार वेगळीच. त्या म्हणत, "हे माझ्या हाडांत शिरतं रे बाबा." आजींस ऐकू अगदी कमी येते, तेव्हा ज्यांस ऐकू येत नाही त्यांस गिटारीचा त्रास कसला, असे म्हणून घरच्यांनी ती तक्रार म्हातारपणाच्या हट्टात जमा केली. मुलगा रुसला, आजी रडल्या, आणि वडिलांनी गिटार विकण्याचा दिवसही ठरविला.

आम्ही गायनवृंदाच्या प्रमुखांस घेऊन गेलो. त्यांनी एकेक स्वर सावकाश वाजविला. पाचव्या तारेच्या दुसऱ्या घरात बोट येताच झणझण उठे. त्याच्या अलीकडे नाही, पलीकडेही नाही. कान ह्या कामी फसवितो, दिशा नीट सांगत नाही. म्हणून स्वर चालू ठेवून आम्ही एकेका वस्तूवर तळहात दाबीत गेलो. लोखंडी कपाटाच्या कुलपात लोंबत राहिलेल्या किल्ल्यांच्या जुडग्यावर हात पडताच झणझण थांबली. वाद्य निर्दोष होते.

आजींचे म्हणणेही तितकेच खरे ठरले. मुलगा त्यांच्या पायथ्याशी बसून गिटारीचे बूड खाटेच्या दांडीवर टेकवी. त्या दांडीवर हात ठेवताच आम्हांस कंप स्पष्ट जाणवला. कान मंद झाले तरी कातडी मंद होतेच असे नाही. सेकंदास २०० ते ३०० ह्या बेताचे कंप तर तिला फार सूक्ष्मपणे कळतात, आणि गिटारीचे कितीतरी स्वर ह्याच टापूत येतात. जो कंप हवेतून आजींच्या कानी पोहोचत नव्हता तो लाकडातून त्यांच्या पाठीस पोहोचत होता.

अशा न ऐकू येणाऱ्या कंपाचे सामर्थ्य थोडे नसते. १६६५ साली हायगेन्स नामक डच शास्त्रज्ञ आजारपणामुळे खोलीत पडून होता. एकाच आधारास टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक नेहमी एकमेकांच्या उलट दिशेस, अचूक एका तालात झुलतात, असे त्यास आढळले. मुद्दाम बिघडविले तरी सुमारे अर्ध्या तासात ती पुन्हा तशीच जुळत. दोहोंमध्ये दुवा होता तो त्या आधाराच्या लाकडाची डोळ्यांस न दिसणारी हालचाल.

येथे कोणी विचारील, लाकूड व लोखंड थरथरतात, तर दगड का नाही? प्रवरेकाठच्या आपल्या नेवाशास हा प्रश्न साजेसाच आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्या खांबास टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली अशी परंपरा आहे, तो पैस खांब आपल्या गावी आहे. असा जड दगड आवाजाने फारसा हलत नाही. आलेला नाद तो बहुतेक सारा परत देतो. दगडी वास्तूत शब्द घुमतो तो ह्याच कारणाने. हलकी, पातळ फळी नाद अंगी घेते व पुढे पसरविते. टेकावयास दगड, गावयास लाकूड.

उपाय साधे आहेत. वाद्य मांडीवर घ्यावे. खाट, मेज वा भिंत ह्यांस टेकवू नये. बसण्याच्या पाटाखाली घडी केलेली गोधडी अंथरावी. सैल मळसूत्रे आवळावी, काचेमागे पुठ्ठा व पेल्यांखाली फडके घालावे. ध्वनिवर्धक असेल तर त्याखाली जाड रबर ठेवावे व तो शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीपासून दूर असावा. कारण खर्जाचे स्वर भिंतीस जुमानीत नाहीत, आणि पलीकडे कोणाचे आजारी माणूस निजले आहे हे वाजविणाऱ्यास दिसत नाही.

मुलांनो, तुमच्या वादनाविषयी कोणी तक्रार केली तर "मला तर काही ऐकू येत नाही" हे उत्तर देऊ नका. उठून जा, आणि तो मनुष्य जेथे बसला वा निजला असेल तेथे आपला तळहात ठेवून पाहा. आणि वडीलधाऱ्यांनो, वाद्य विकावयास काढण्यापूर्वी घरातील किल्ल्या तेवढ्या तपासा.

त्या घरी गिटार अद्याप आहे. रात्री ती खाटेपासून दूर असते. संध्याकाळी मात्र आजीबाई नातवास स्वतः जवळ बोलावतात, गिटारीच्या पाठीवर तळहात ठेवतात, आणि त्याने कोणते गीत धरले आहे हे पुष्कळदा बरोबर ओळखतात.